रोझेटाची गिटार

मैत्रिणींनो, गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगते. दुपारची वेळ. कैऱ्या फोडून झाल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात खाली बसून फोडींना हळद-मीठ लावत होते. सासूबाई पलीकडे खुर्चीत. वय पंच्याऐंशी, आता खाली बसवत नाही, पण लोणच्यावरची देखरेख अजून त्यांचीच. "मीठ हात राखून घाल" आणि "मीठ कमी पडलं तर बुरशी येते" या दोन्ही सूचना पाच मिनिटांच्या अंतरानं देऊन झाल्या होत्या. धाकटा पुण्याहून चार दिवस रजेवर आलेला. नोकरी कॉम्प्युटरची, जीव मात्र गिटारीत. तो मोबाइल घेऊन आला. "आई, हात धुऊ नकोस, नुसतं बघ," म्हणाला, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून त्यानं मोबाइल माझ्यासमोर उभा केला.

जुनं, काळं-पांढरं चित्र. एक रेल्वे स्टेशन. पावसानं ओलं झालेलं. अलीकडच्या फलाटावर गोरी तरुण पोरंपोरी दाटीवाटीनं बसलेली, मध्ये रूळ, आणि पलीकडच्या फलाटावर गाणाऱ्यांची जागा. तिथं एक घोडागाडी येते. तीतून एक काळ्या वर्णाची, अंगानं भरलेली, पन्नाशीला आलेली बाई उतरते. अंगात झोकदार कोट, केस व्यवस्थित बसवलेले. एक गृहस्थ तिला हात देऊन आणतात. मला वाटलं, कुणी पाहुण्या असतील, आता भाषण करतील. तर बाईंनी गळ्यात पांढरीशुभ्र विजेची गिटार अडकवली आणि अशी काही छेडली की माझा मिठाचा हात परातीवरच थांबला.

गाणं देवाचं होतं, नोहाच्या काळच्या महापुरावरचं. पण तिची बोटं जे करत होती ते काही देवळातलं वाटेना. एकेक तार वेगळी बोलत होती, मध्येच किंचाळत होती. आणि बाई आपली आरामात उभी! मुलाला शाळेत सोडायला आलेली आई जशी दुसरीशी बोलत उभी राहते, तशी.

"कोण गं ही?" सासूबाईंनी चष्मा चढवला. धाकट्यानं नाव सांगितलं. सिस्टर रोझेटा थार्प. साल 1964, गाव इंग्लंडातलं मँचेस्टर. "रॉक अँड रोलची आई म्हणतात हिला, आजी."

सासूबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "आणि हिचा नवरा काय करत होता?"

आम्ही दोघं हसलो. पण खरं सांगू? मलाही तेच विचारायचं होतं. तुम्हालाही आलं असेल मनात. संसारी बाईनं दुसरीला असं मोकळं उभं राहिलेलं पाहिलं की आपलं मन आधी तिच्या घरात डोकावतं. कोण होतं मागे? कुणी करू दिलं? धाकट्यानं मग मला गेल वाल्ड या लेखिकेनं 2007 साली लिहिलेल्या तिच्या चरित्राविषयी सांगितलं, त्यातला भाग वाचून दाखवला. माझं इंग्रजी बेताचं, पण पुढे दोन महिने मी या बाईच्या मागे लागले होते म्हणा ना. रॉक अँड रोल म्हणजे लांब केसांच्या पुरुषांनी घातलेला गोंधळ, एवढीच माझी तोवरची समजूत.

रोझेटाचा जन्म 1915 सालचा. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात कॉटन प्लँट नावाचं गाव आहे, तिथला. कॉटन प्लँट म्हणजे कापसाचं झाड. गावाचं नावच ते. घरी कापूस वेचायचं काम. आई केटी बेल मात्र निराळी. ती मँडोलिन वाजवी, गाई आणि चर्चमध्ये प्रवचन करी. त्यांचा पंथ कृष्णवर्णीयांनी स्थापन केलेला, आणि त्या पंथात देवापुढे वाद्य वाजवायला, टाळ्या पिटायला, नाचायला मोकळीक होती. पोरगी चार वर्षांची असल्यापासून आईबरोबर गाऊ-वाजवू लागली. सहा-एक वर्षांची असताना आई नवऱ्याला मागे ठेवून, मुलीला घेऊन शिकागोला निघून आली. 1921 च्या सुमाराची ही हकिगत. एकटी काळी बाई, हातात मँडोलिन, कडेला पोर. मला रोझेटाइतकंच या केटी बेलचं कौतुक वाटतं. पुढे ही मायलेकींची जोडी गावोगाव फिरली. छोटी गिटारवाली म्हणजे जणू चमत्कार, अशी तिची जाहिरात असे.

आता त्या गाण्यात एवढं नवं काय होतं, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. मला तालाचं थोडं कळतं. का कळतं ते पुढे येईलच. आपण भजनात टाळी देतो ती समेवर. सगळा जीव पहिल्या मात्रेत. त्यांच्या चर्चमधली टाळी पडते ती चारांतल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. करून पाहा बरं, एक मोकळी सोडा, दोनवर टाळी, तीन मोकळी, चारवर टाळी. पाचव्या आवर्तनाला तुमचे खांदे आपोआप हलायला लागतील. जगभरची तरुण मुलं पुढे ज्या ठेक्यावर वेडी झाली तो हाच. म्हणजे जो ठेका पुढे घराघरांतल्या आयांना 'वाह्यात' वाटला, तो आला होता चर्चमधून!

दुसरी गोष्ट गिटारीची. एरवी गायकाच्या हातात गिटार असते ती नुसती झंकार देत मागे मागे चालते, साथीला धरलेल्या पेटीसारखी. रोझेटा गाता गाता मध्येच थांबे आणि पुढची ओळ गिटारीकडून म्हणवून घेई. एकेका तारेवर, गळ्यातून तान निघावी तशी. विजेची गिटार आल्यावर तर विचारूच नका. या गिटारीत तारेची थरथर चुंबकाच्या योगानं विजेत उतरते आणि आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून बाहेर पडते. ती पेटी तिच्या ताकदीबाहेर रेटली की आवाज फाटतो, खरखरीत होतो. इतर लोक आवाज फाटू नये म्हणून जपत. तिला मात्र तो फाटका आवाजच हवासा वाटे. पुढे त्या फाटक्या आवाजावर केवढे मोठमोठे गिटारवाले उभे राहिले!

1934 साली, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासूबाईंच्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर. नवरा प्रवचनकार, थॉमस थॉर्प. त्याचं प्रवचन, तिचं गाणं. चार वर्षांत ते मोडलं. 1938 मध्ये ती नवऱ्याला सोडून आईबरोबर न्यूयॉर्कला आली. त्याचं आडनाव मात्र राहिलं, आणि तेही चुकलेलं. 'थॉर्प'चं कधी 'थार्प' झालं आणि तेच जगभर झालं. नवरा गेला, लग्न गेलं, पुढे आणखी दोन लग्नं झाली, पण पाटीवर पहिल्याच नवऱ्याचं बिघडलेलं आडनाव. आपल्यातल्या कितीजणींना हे ऐकून हसू येईल आणि कितीजणींना नाही, सांगता येत नाही.

त्याच वर्षी, 31 ऑक्टोबरला, डेक्का कंपनीनं तिची चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं एक 'रॉक मी'. मूळ भजन थॉमस डॉर्सी या मोठ्या भजनकाराचं. 'रॉक' म्हणजे झुलवणं. आई मांडीवर घेऊन झुलवते, तोच शब्द. देवा, मला तुझ्या कुशीत घे, असा भाव. पण हेच गाणं तिनं कॉटन क्लबमध्ये म्हटलं. हा न्यूयॉर्कचा प्रसिद्ध नाइट क्लब. नाचणाऱ्या काळ्या आणि पैसे मोजणारे गोरे. तिथं दारूचा पेला हातात धरलेल्या माणसाच्या कानावर 'रॉक' शब्द पडला की त्याचा अर्थ काय होणार? चर्चची मंडळी खवळली. आपली भजनी बाई, आणि दारूच्या अड्ड्यावर! त्याच डिसेंबरात कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहातही ती गायली. तेवीस वर्षांची मुलगी, एका वर्षात नवरा सोडलेला, गाव बदललेलं, रेकॉर्ड निघालेली, आणि ज्या माणसांत वाढली त्यांनी नाक मुरडलेलं.

बरं, एल्विस प्रेस्लीचं नाव तर आपल्यापैकी जिनं एकही इंग्रजी गाणं ऐकलेलं नाही तिनंसुद्धा ऐकलेलं असतं. 'रॉक मी' ध्वनिमुद्रित झालं तेव्हा एल्विस तीन वर्षांचा होता.

इथं मला माझं सांगायला हवं, नाहीतर ही बाई माझ्या एवढी मनात का बसली ते कळायचं नाही.

माझे वडील तबला वाजवीत. पोटापाण्याला शिक्षक, पण कीर्तनाला, भजनाला साथ त्यांची. भावाचा हात काही केल्या बसेना म्हणून मला शेजारी बसवू लागले. सातवीपासून कॉलेज संपेपर्यंत मी वाजवलं. चांगलं वाजवत असे, खोटी नम्रता कशाला. 1984 मध्ये लग्न होऊन या घरी आले तेव्हा एका पोत्यात गुंडाळून डग्गा-तबला बरोबर आणला. रुखवतात तेवढं एक पोतंच न सजवलेलं होतं. पहिल्याच श्रावणात घरी भजन होतं, तबलजी आले नव्हते, मी मांडी घालून बसले आणि सुरू केलं. बायका खूश झाल्या. रात्री भांडी विसळताना सासूबाई म्हणाल्या, "पेटी वाजवलीस तर वाजव बाई, पण तबला... बाईमाणसाला बरं दिसत नाही ते." रागानं नाही, ओरडून नाही. एवढंच.

तबला माळ्यावर गेला. आमच्या गल्लीतल्या महिला भजनी मंडळात मी चाळीस वर्षं झांज वाजवते आहे. तबल्याला आम्ही पुरुषमाणूस बोलावतो. ते येईपर्यंत आम्ही अठराजणी सतरंजीवर बसून त्यांची वाट पाहतो.

असो. रोझेटाकडे वळते.

ती वाजवायला लागली की लोक म्हणत, ही तर अगदी पुरुषासारखी वाजवते! ती मोठी शाबासकी समजली जाई. त्यावर तिचं म्हणणं असे, की कुणा पुरुषानं माझ्यासारखं वाजवून दाखवावं. न्यूयॉर्कच्या एका थिएटरात तिनं गिटारवाल्या पुरुषांशी चढाओढ केल्याच्या गोष्टीही सांगतात.

पण सगळं तिच्या मनासारखं होतं असं समजू नका. लकी मिलिंडर यांच्या वाद्यवृंदाशी करार होता, तिथं तिला छचोर गाणीही म्हणावी लागली. उंच, सडपातळ प्रियकर हवा, असलं एक गाणं 1942 मध्ये आलं. ते ऐकून चर्चमधल्या बायकांना काय वाटलं असेल! तिथून बाहेर पडल्यावर 1944 मध्ये तिनं सॅमी प्राइस यांच्या पियानोच्या साथीनं एक गाणं केलं, 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे'. रोज काहीतरी नवल घडतंय, असा त्या नावाचा अर्थ. पुढल्या वर्षी ते कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. भजनाची रेकॉर्ड त्या यादीत इतकी वर जाणं हे त्या काळी नवलच. पहिलं रॉक अँड रोल गाणं कुठलं यावर जाणकार भांडत असतात. त्यांतले काहीजण याच गाण्याकडे बोट दाखवतात. युद्धावर गेलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी ज्या खास तबकड्या निघत, त्यांतही तिचं गाणं होतं.

याच सुमारास तिला मेरी नाइट भेटली. 1946 साल. मेरीचा आवाज दमदार, पियानोही वाजवी. दोघींनी मिळून गावंच्या गावं पालथी घातली. मागे वाद्यवृंद नाही, पुढे पुरुष नाही. दोन बाया, एक पियानो, एक गिटार. तेव्हाच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत पुढच्या दारानं जाता येत नसे. रोझेटानं यावर बायकी उपाय काढला. स्वतःची बसच घेतली आणि तीत झोपायची सोय केली. जॉर्डनेअर्स नावाचे चार गोरे गायक काही काळ तिच्याबरोबर फिरत. जिचं नाव मोठ्या अक्षरांत लागायचं ती मालकीण बसमध्ये बसे, आणि हे चौघे खाणावळीत जाऊन तिच्यासाठी जेवण बांधून आणत. हेच जॉर्डनेअर्स पुढे एल्विसच्या मागे गायले.

1947 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी तिचा कार्यक्रम होता. तिथल्या सभागृहात एक चौदा वर्षांचा पोरगा शीतपेयं विकायचा. कार्यक्रमाआधी त्यानं तिचीच गाणी तिला म्हणून दाखवली. तिनं संध्याकाळी त्याला रंगमंचावर बोलावलं, गाऊ दिलं आणि वर हातात पैसे ठेवले. गाण्याचे पैसे मिळतात हे त्या पोराला तेव्हा कळलं. तो लिटल रिचर्ड. रॉक अँड रोलच्या आद्य मंडळींतला एक.

आता तिसरं लग्न. (दुसरं मध्ये होऊन गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.) हे लग्न ऐकाच. 3 जुलै 1951. कार्यालय? वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम, जिथं बेसबॉलचे सामने होत! लग्नाला तिकीट! वीस हजारांवर माणसं तिकीट काढून आली. मेरी नाइट करवली. लग्न लागलं आणि नवरीनं त्याच पोशाखात, मैदानाच्या मधोमध, गिटार गळ्यात अडकवून गायला सुरुवात केली. वर शोभेचं दारूकाम. लग्नाची रेकॉर्डसुद्धा निघाली आणि विकली गेली. असं सांगतात की कार्यक्रम ठरवणाऱ्यांशी करार आधी झाला, नवरदेव मागून ठरला. हॉल मिळाला की मग स्थळ पाहायचं, अशातला प्रकार! नवरदेव रसेल मॉरिसन. पुढे तिचे व्यवहार तोच पाही.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन म्हणाल्या, "जेवायला काय होतं एवढ्या माणसांना?"

त्यानंतरचा काळ मात्र उताराचा. रोझेटा आणि मेरीनं भजनं सोडून साधी, संसारी सुखदुःखाची ब्लूज गाणी केली. चर्चची श्रोतेमंडळी पुन्हा दुरावली, आणि बाहेरची काही तेवढी जवळ आली नाही. आणि गंमत अशी, की नेमकं याच वर्षांत, 1954-55 मध्ये, ती वीस वर्षं जे करत आली होती त्याला रॉक अँड रोल हे नाव मिळालं, पैसा मिळाला, आणि त्याचे चेहरे म्हणून जे समोर आले ते सगळे तरुण पुरुष. ती तेव्हा चाळिशीची, जाडसर, आणि देवाचं गाणारी. तिच्याकडे कोण बघणार? त्या पुरुषांना मी चोर म्हणणार नाही. जॉनी कॅशसारख्यानं पुढे मोठ्या सन्मानाच्या वेळी तिचं नाव आवर्जून घेतलं. शिकलेला शिष्य गुरूचं नाव घेतो तसंच ते. पण एकानं नाव घेणं वेगळं आणि जगानं ते लक्षात ठेवणं वेगळं.

1957 मध्ये इंग्लंडमधल्या ख्रिस बार्बर यांनी तिला तिकडे बोलावलं, आणि परक्या देशात ती पुन्हा उभी राहिली. मी पाहिलेलं ते स्टेशन त्यानंतरचं, 7 मे 1964 चं. विल्ब्रॅहम रोड हे बंद पडलेलं स्टेशन टीव्हीवाल्यांनी सजवून घेतलं होतं. श्रोत्यांना मँचेस्टरहून खास गाडीनं आणलं. पाऊस कोसळला. आणि बाईंनी काय करावं? पावसाचंच गाणं काढलं. ती मँचेस्टरला पोचली तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होती.

1968 मध्ये आई गेली. सहाव्या वर्षी बोट धरून बाहेर काढलेली मुलगी त्रेपन्न वर्षांची होईपर्यंत ही आई होती. 1970 मध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. मधुमेह होता, त्यापायी एक पाय कापावा लागला. तरी ती गायली. खुर्चीत बसून गायली. 9 ऑक्टोबर 1973 ला फिलाडेल्फियात ती गेली. वय अठ्ठावन्न. रेकॉर्डिंगची तारीख ठरलेली होती.

तिला तिथल्याच नॉर्थवुड दफनभूमीत पुरलं. कबरीवर दगड बसला नाही. एक वर्ष नाही, दहा वर्षं नाही, जवळजवळ पस्तीस वर्षं. जिच्या लग्नाला वीस हजार माणसं पैसे मोजून आली, तिची जागा गवतात कुठं आहे हे पाहुण्याला दाखवता येऊ नये! 1986 मध्ये अमेरिकेत रॉक अँड रोलमधल्या थोरांचा सन्मान करायला सुरुवात झाली. पहिल्या वर्षीच्या गायक-वादकांत एल्विस, चक बेरी, लिटल रिचर्ड, सगळे होते. बाई एकही नव्हती. रोझेटाच्या चेहऱ्याचं टपालतिकीट 1998 मध्ये निघालं. 2008 च्या जानेवारीत तिच्या चाहत्यांनी फिलाडेल्फियात गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या पैशांतून दगड बसवला. रॉक अँड रोलच्या त्या सन्मानाच्या यादीत तिचं नाव गेलं ते 2018 मध्ये, 'आद्य प्रभाव' म्हणून. पहिल्या यादीनंतर बत्तीस वर्षांनी.

हे सगळं मी सासूबाईंना तुकड्यातुकड्यांनी सांगत असे, दुपारी भाजी निवडताना. कबरीचं सांगितलं त्या दिवशी घेवड्याच्या शेंगा होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "तुझा तबला कुठंय?"

"माळ्यावर."

"मी म्हणाले होते ना तुला?"

"हो."

"एकदाच म्हणाले होते मी," सासूबाई म्हणाल्या. "तू पुन्हा कधी काढलासच नाहीस. मला वाटलं, तुलाच हौस नसेल."

मैत्रिणींनो, काय बोलणार होते मी? चाळीस वर्षं मी मनात एक वाक्य घोळवत होते, 'सासूबाईंनी माझा तबला बंद केला.' माहेरी सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, दुखलंखुपलं की स्वतःला सांगितलं. आणि त्या एकदाच म्हणाल्या होत्या, हेही खरंच होतं. दुसऱ्यांदा त्यांनी म्हणावं अशी वेळ मी येऊच दिली नव्हती. रोझेटाला किती जणांनी किती वेळा बोल लावले! तेव्हा राग कुणाचा करावा मला कळेना. शेंगांचे दोरे काढत बसले. त्यांच्या एका वाक्याचं वजन किती आहे हे त्यांना कळायला हवं होतं, असंही मला वाटतं. अजून वाटतं. चोवीस वर्षांच्या नव्या नवरीला 'बरं दिसत नाही' एवढं पुरतं.

धाकट्यानं जायच्या आधी माळ्यावर चढून पोतं खाली काढलं. उंदरांनी वाद्या कुरतडलेल्या, तबल्याची पुडी फाटलेली, डग्ग्याची शाई तडकलेली. तबला दुरुस्त करणाऱ्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस बंद होता?" मी सांगितलं. त्यांनी दोन्ही पुड्या नव्या घालाव्या लागतील म्हणून सांगितलं, आणि आणखी तीनदा खेपा घालायला लावल्या.

आता महिना झाला घरी येऊन. गुरुवारच्या भजनाला अजून नेला नाही. दुपारी जेवणं आवरली, हे ऑफिसातल्या जुन्या मंडळींकडे पत्ते खेळायला गेले, की मी आतल्या खोलीत दार लोटून बसते. सासूबाई बाहेर पलंगावर डोळे मिटून पडलेल्या असतात. झोपलेल्या नसतात, चादरीखाली अंगठा हालत असतो. परवा केरवा वाजवताना मी चुकले, तर बाहेरून आवाज आला, "पुन्हा घे."

उजवा हात बराच परत आलाय. डावा मात्र अजून मागे पडतो.